हायड्रोजन ड्रम मशीन: कीबोर्डसाठी ठेके लिहिताना कुठे कामाला येतं, कुठे अडतं

हायड्रोजन हे मोफत, मुक्तस्रोत ड्रम मशीन. मूळचं लिनक्सवरचं, आता विंडोज आणि मॅकवरही चालतं. त्याची परीक्षणं बहुधा त्याच्यासोबत येणाऱ्या ड्रमकिटांच्या आवाजावरून केली जातात. ती बाजू इथे जवळजवळ सोडून दिली आहे. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे, त्यातल्या तयार ऱ्हिदमांचा कंटाळा आलाय आणि स्वतःचे ठेके संगणकावर लिहून कीबोर्डच्याच ड्रमच्या आवाजात वाजवायचे आहेत, अशा वादकाला हे सॉफ्टवेअर किती उपयोगी पडतं, एवढंच पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. ठेका लिहिणं, त्याचे चार प्रकार करून पाहणं, ते गाण्याच्या क्रमाने लावणं, या कामात हायड्रोजन फार सुटसुटीत आहे. ठेका कीबोर्डपर्यंत पोचवण्याच्या कामात मात्र ते अर्ध्यावर थांबतं, आणि त्याहून मोठा धोका म्हणजे ते कानाला चकवतं. संगणकातून भरदार सॅम्पल (रेकॉर्ड केलेले ड्रमचे आवाज) ऐकू येत असतात आणि आपण त्यावर विसंबून ठेका घोटत बसतो. कीबोर्डकडे त्यातला आवाज जातच नाही. ठोक्यामागे जातात ते चॅनल, नोटचा क्रमांक आणि वेलॉसिटी (ठोक्याचा जोर), एवढे तीन आकडे. म्हणून पहिल्या ठोक्यापासून कीबोर्डचं किट ऐकतच लिहायचं. हे पथ्य पाळलं तर सॉफ्टवेअर उत्तम. नाही पाळलं तर केलेलं अर्धं काम पुन्हा करावं लागतं.

जोडणीपासून सुरुवात करू. कीबोर्डला यूएसबी टू होस्ट असं लिहिलेलं चौकोनी तोंडाचं सॉकेट असेल तर साधी प्रिंटरची केबल चालते. बरेच कीबोर्ड संगणक आपणहून ओळखतो. काहींना निर्मात्याचा मिडी ड्रायव्हर (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी नोटांचे आकडे एकमेकांना पाठवण्याची पद्धत) आधी टाकावा लागतो. हायड्रोजनच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडीचं पान आहे. तिथे ड्रायव्हर निवडायचा (विंडोजवर पोर्टमिडी, मॅकवर कोअरमिडी, लिनक्सवर आल्सा किंवा जॅक) आणि आउटपुटमध्ये कीबोर्डचं नाव निवडायचं. कीबोर्ड सॉफ्टवेअर उघडण्याआधीच चालू करून ठेवावा. नंतर लावला तर तो यादीत दिसण्यासाठी बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

एवढं करूनही कीबोर्ड गप्पच राहतो, आणि नवखे इथेच हात टेकतात. कारण साधं आहे. हायड्रोजनमध्ये मिडी बाहेर पाठवण्याची सोय प्रत्येक वाद्याला वेगळी आहे आणि सुरुवातीला ती बंद असते. उजवीकडच्या इन्स्ट्रुमेंट पानावर मिडी आउटचं चॅनल आणि नोट असे दोन आकडे दिसतात. चॅनलच्या जागी ‘ऑफ’ असतं. तिथे १० घालायचा, आणि तो एकेका ओळीला घालायचा: किक, स्नेअर, हाय-हॅट, सगळ्यांना. सगळ्या ओळींना एकदम चॅनल देणारं एखादं बटण असायला हवं होतं. सोळा ओळींचं किट असेल तर हे काम कंटाळवाणं होतं, पण एकदाच करायचं असतं. पूर्ण झालं की ते रिकामं गाणं ‘कीबोर्ड साचा’ अशा नावाने सेव्ह करून ठेवावं आणि प्रत्येक नवं काम त्याची प्रत काढून सुरू करावं.

चॅनल १० का? जनरल मिडी हे प्रमाण १९९१ साली ठरलं तेव्हापासून दहावं चॅनल तालवाद्यांसाठी राखीव आहे. त्या चॅनलवर नोटचा क्रमांक स्वर दाखवत नाही, वाद्य दाखवतो. ३६ म्हणजे किक, ३७ साइड स्टिक, ३८ स्नेअर, ३९ टाळी, ४२ बंद हाय-हॅट, ४४ पायाने मिटलेली हाय-हॅट, ४६ उघडी हाय-हॅट, ४९ क्रॅश, ५१ राइड, ५४ टँबोरीन, ५६ काउबेल. टॉम ४१, ४३, ४५, ४७, ४८ आणि ५० वर पसरलेले आहेत, खालच्या आवाजाकडून वरच्याकडे. बोंगो ६० आणि ६१, काँगा ६२ ते ६४. यादी ३५ पासून ८१ पर्यंत जाते. चॅनल १० घालूनही भलताच पियानो वाजला तर समोरचं यंत्र चॅनल शून्यापासून मोजतंय का ते पाहावं. तसं असेल तर दहावं चॅनल तिथे ९ या आकड्याने दिसतं.

हायड्रोजनसोबत येणाऱ्या मूळ रॉक किटच्या सुरुवातीच्या ओळी याच क्रमाने लावलेल्या आहेत, त्यामुळे किक, स्नेअर आणि तिन्ही हाय-हॅट सहसा बरोबर जागी पडतात. तरी दोन ठिकाणी लक्ष हवं. एक, त्या किटमध्ये पाचव्या ओळीला रिमशॉट आहे आणि जनरल मिडीत ४० या क्रमांकावर इलेक्ट्रिक स्नेअर. म्हणजे संगणकात लाकडी काठाचा टणकारा ऐकून जिथे ठोका ठेवला, तिथे कीबोर्ड दुसराच जाडसर स्नेअर वाजवणार. दोन, दुसरं कुठलं किट उघडलं किंवा स्वतः वाद्य जोडलं तर त्याचा मिडी क्रमांक आवाजाला साजेसा असेलच असं नाही. खालच्या ओळींमधल्या राइड, क्रॅश आणि काउबेलचे आकडे डोळ्यांनी तपासायचे. राइडच्या जागी टॉम वाजतोय ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिचं मूळ इथेच असतं.

कीबोर्डच्या पुस्तिकेत मागच्या बाजूला ड्रमकिटचा तक्ता असतो. तो समोर ठेवूनच साचा तयार करा. जनरल मिडीचे ३५ ते ८१ बहुतेक ठिकाणी सारखे असतात, पण त्याच्या खालच्या आणि वरच्या नोटांवर प्रत्येक निर्माता आपापले आवाज बसवतो: ब्रशचे घासरे, स्नेअर रोल, स्टिकचे ठोके. स्वरांची नावं तक्त्यातून उचलू नका, आकडेच उचला. कारण ३६ या नोटला एक निर्माता सी१ म्हणतो आणि दुसरा सी२. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर सगळ्यात डावीकडची पट्टी सहसा ३६ असते, त्यामुळे ३५ वरची दुसरी किक ऑक्टेव्ह न हलवता हाताने वाजवताच येत नाही. सॉफ्टवेअरमधून ती खुशाल वाजते.

साचा तयार झाला की हायड्रोजनचा मास्टर फेडर (एकूण आवाजाची सरकती पट्टी) खाली ओढा. आता संगणक मुका आणि कीबोर्ड बोलका. दोन्ही एकदम वाजू दिले तर प्रत्येक ठोका किंचित मागेपुढे दोनदा ऐकू येतो आणि वेळेत काय चुकलंय ते कळेनासं होतं. ऑडिओ ड्रायव्हरचा बफरही (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवण्याचा टप्पा) लहान ठेवावा. १०२४ फ्रेमचा बफर ४४,१०० च्या दराने सुमारे २३ मिलिसेकंद खातो, आणि तेवढी ढिलाई बाहेर जाणाऱ्या ठोक्यांत शिरू शकते. २५६ ठेवला तर ती ६ च्या आत येते.

आता लिहिण्याकडे. इथे हायड्रोजनची खरी गंमत आहे. पॅटर्न एडिटरमध्ये डावीकडे वाद्यांची नावं, उजवीकडे ग्रिड. क्लिक केलं की ठोका पडतो, पुन्हा क्लिक केलं की जातो. खाली प्रत्येक ठोक्याच्या वेलॉसिटीचा उभा दांडा, माउसच्या चाकाने वरखाली होणारा. ग्रिड ४ पासून ६४ पर्यंत बारीक करता येतो, तिस्रासाठी वेगळे ट्रिप्लेट ग्रिड आहेत आणि ग्रिड पूर्ण बंदही करता येतो. पॅटर्नची लांबी अपूर्णांकात देता येते, त्यामुळे ६/८, ७/८ किंवा ५/४ लिहायला काही कसरत नाही: वरचा आकडा ७, खालचा ८, झालं. कीबोर्डमधल्या सिक्वेन्सरांमध्ये (नोटा क्रमाने लिहून वाजवण्याच्या सोयीत) ही मोकळीक क्वचितच मिळते.

एक साधा सोळा स्टेपचा, म्हणजे एका बारचे (आवर्तनाचे) सोळा समान भाग केलेला, ठेका घेऊन पाहू, म्हणजे आकडे कसे बसवायचे ते कळेल. किक १, ७ आणि ११ या स्टेपवर. स्नेअर ५ आणि १३ वर. बंद हाय-हॅट सगळ्या विषम स्टेपवर. ग्रिड १६ वर ठेवून हे तेरा क्लिकमध्ये तयार होतं, आणि वाजवल्यावर यंत्रासारखं सपाट वाटतं. कारण हायड्रोजन प्रत्येक नवा ठोका ०.८ वेलॉसिटीने टाकतो; मिडीच्या भाषेत सुमारे १०१. सगळे १०१ म्हणजे हाय-हॅटही स्नेअरइतकाच जोरात.

म्हणून पहिलं काम हाय-हॅट उतरवण्याचं. मात्रेवर पडणारे (१, ५, ९, १३) ०.७ च्या आसपास, मधले ०.५. मिडीत ते अंदाजे ८९ आणि ६३ होतात. स्नेअरचे दोन मुख्य ठोके ०.८५ ते ०.९. पहिली किक ०.८५, सातव्या स्टेपवरची ०.६५, अकरावी ०.८. मग स्नेअरचे दबके ठोके: ८, १० आणि १६ वर, ०.२५ ते ०.३०. हे तीन ठोके स्वतंत्रपणे ऐकू येता कामा नयेत; काढून टाकले तर मात्र ठेका पोकळ वाटला पाहिजे. कीबोर्डवर ऐकून यांचा आकडा ठरवायचा, कारण स्वस्त किटमध्ये ०.२५ चा ठोका पूर्ण नाहीसा होतो आणि चांगल्या किटमध्ये ०.३५ लाच दुसरं, कडक सॅम्पल सुरू होतं. वेलॉसिटी नुसता आवाज वाढवत नाही. कित्येक किटमध्ये तिच्यावरून सॅम्पल बदलतं. स्नेअर ०.०५ ने सरकवत ऐकत जा. जिथे आवाजाचा पोत एकदम बदलतो तो आकडा टिपून ठेवा. दबके ठोके त्याच्या खाली, मुख्य ठोके त्याच्या बरेच वर.

इथेच हायड्रोजनचा सगळ्यात फसवा भाग येतो. त्याचा मिक्सर देखणा आहे, प्रत्येक वाद्याला फेडर आहे, आणि हाय-हॅट मोठा वाटला की हात आपोआप फेडरकडे जातो. तो फेडर फक्त संगणकातल्या सॅम्पलचा आवाज कमी करतो. बाहेर जाणाऱ्या मिडीवर त्याचा परिणाम नाही. मिक्सरमध्ये छान समतोल साधलेला ठेका कीबोर्डवर गेला की हाय-हॅट आणि क्रॅश अंगावर येतात, ते यामुळे. पॅनचंही (आवाज डावीकडे की उजवीकडे) तसंच, फिल्टरचंही, इफेक्टचंही. कीबोर्डसाठी लिहिताना मिक्सर झाकून ठेवलात तरी चालेल. समतोल वेलॉसिटीच्या दांड्यांनीच साधायचा.

दुसरा नेहमीचा घोळ हाय-हॅटचा. कीबोर्डच्या किटमध्ये ४२, ४४ आणि ४६ एकमेकांना कापतात, खऱ्या हाय-हॅटसारखे. उघड्या हाय-हॅटला पंधराव्या स्टेपवर ठेवलं आणि पुढच्या बारच्या पहिल्या स्टेपवर बंद हाय-हॅट असेल तर तो बरोबर तिथे मिटतो. पण पंधराव्या स्टेपवर आधीचा बंद ठोका काढायला विसरलात तर एकाच क्षणी ४२ आणि ४६ दोन्ही जातात. कोण आधी पोचेल त्यावर आवाज ठरतो. कधी उघडा, कधी मिटलेला. ठेका मधूनच अडखळतोय असं वाटलं की आधी हे तपासा. हायड्रोजनमध्येही असे गट लावता येतात, पण ते त्याच्या सॅम्पलपुरते.

पाच पिनच्या जुन्या गोल मिडी केबलवरून काम करत असाल तर आणखी एक बारकावा. ती सेकंदाला ३१,२५० बिट नेते, म्हणजे एका ठोक्याला जवळजवळ १ मिलिसेकंद. पहिल्या मात्रेवर किक, क्रॅश, हाय-हॅट, टँबोरीन असे चार एकदम ठेवले तर शेवटचा तीनेक मिलिसेकंद उशिरा. तालाला याने धक्का लागत नाही, पण त्याच क्षणी बेस आणि कॉर्डही त्याच केबलवरून जात असतील तर गर्दी जाणवते. यूएसबीवर ही चिंता नाही.

आता वेळेच्या बारकाव्याबद्दल. हायड्रोजनचं मोठं अंगभूत बंधन इथे आहे. एका मात्रेचे ते ४८ भाग करतं. १२० च्या लयीत एक भाग म्हणजे सुमारे १०.४ मिलिसेकंद, ८० च्या लयीत १५.६. सरळ आणि तिस्र जातीच्या ठेक्यांना हे पुरेसं आहे, कारण ४८ ला ३ आणि ४ दोन्हींनी भाग जातो. पण स्नेअर केसभर मागे ओढायचा असेल तर पहिली पायरीच दहा-पंधरा मिलिसेकंदांची. कानाला ती केसभर वाटत नाही, चांगली बोटभर वाटते. प्रत्येक ठोक्याला पुढे-मागे करण्याची लीड-लॅग नावाची वेगळी पट्टी आहे आणि वाजवताना ती उपयोगी पडते. ग्रिडवर मात्र ठोका हललेला दिसत नाही.

मास्टर मिक्सरवर स्विंग (जोडीतला दुसरा ठोका उशिरा टाकणं), वेलॉसिटी आणि टायमिंग अशा तीन ह्युमनाइज, म्हणजे ठेका माणसाने वाजवल्यासारखा करणाऱ्या, खुंट्या आहेत. त्या फिरवल्या की ठेका लगेच सैल होतो आणि मोह पडतो. त्यांचा परिणाम वाजताना लागू होतो, ग्रिडमधले ठोके होते तिथेच राहतात. बाहेर काढलेल्या मिडी फाइलमध्ये तो उतरलाच आहे असं धरून चालू नका. कीबोर्डसाठी स्विंग हाताने लिहावा हे उत्तम. सोळाव्या भागाच्या स्विंगला हिशेब असा: दोन सोळाव्या भागांची जोडी २४ भागांची, सरळ लयीत दुसरा ठोका बाराव्या भागावर. तो तेराव्यावर सरकवला तर ५४ टक्के, चौदाव्यावर ५८, पंधराव्यावर ६२.५, आणि सोळाव्यावर पूर्ण तिस्र. ग्रिड बंद करून, झूम वाढवून सरकवायचं. तेरा आणि चौदा या दोन जागा बहुतेक गाण्यांना पुरतात. आठव्या भागाच्या स्विंगला हेच आकडे दुप्पट: जोडी ४८ ची, सरळ ठोका २४ वर, २६ ते २८ सैल, ३२ पूर्ण तिस्र.

यादृच्छिक सैलपणापेक्षा हा हाताने लिहिलेला सैलपणा नेहमी बरा. खरा वादक सगळे ठोके थोडेथोडे चुकवत नाही. तो ठरावीक ठोके ठरावीक बाजूला ओढतो. स्विंगची खुंटी एक वेळ चालेल, टायमिंगची खुंटी ठेका नुसता गबाळा करते.

ठोक्याला शक्यता देण्याचीही सोय आहे: दबका स्नेअर दहातून सहा वेळाच पडावा, अशी. कीबोर्ड केबलने जोडून थेट वाजवताना ही फार छान गोष्ट आहे, ठेका दर बारला जरा वेगळा राहतो. फाइलमध्ये मात्र एकच निकाल गोठतो. म्हणून एका बारचा ठेका फाइलला न देता साँग एडिटरमध्ये तोच पॅटर्न आठ वेळा लावून मग एक्स्पोर्ट करावा आणि त्यातले चांगले बार निवडावेत.

साँग एडिटर समजायला सोपा आहे. डावीकडे पॅटर्नची नावं, पुढे चौकोन. एका उभ्या रकान्यात दोन पॅटर्न भरले तर दोन्ही एकदम वाजतात. याचा उपयोग असा: किक-स्नेअर एका पॅटर्नमध्ये, हाय-हॅट दुसऱ्यात, टँबोरीन-शेकर तिसऱ्यात. कडव्याला पहिले दोन, ध्रुवपदाला हाय-हॅटच्या जागी राइडचा पॅटर्न, शेवटच्या ध्रुवपदाला टँबोरीन वर. दर आठव्या बारला फिलचा, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या भरणीचा, पॅटर्न. पाच पॅटर्नमधून गाण्याचा सगळा आराखडा उभा राहतो, आणि ठेक्यात बदल केला की तो सगळीकडे लागू होतो. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर हेच करायचं म्हटलं तर मेनूंच्या जंगलात संध्याकाळ जाते.

फिल लिहिताना मूळ ठेक्याची किक तशीच चालू ठेवून फक्त हाय-हॅट काढा. ड्रमरला दोनच हात असतात हे ग्रिड विसरायला लावतो. टॉमवर दोन्ही हात असताना हाय-हॅट चालू राहिला की फिल खोटा वाटतो. फिलनंतरच्या पहिल्या मात्रेवर क्रॅशखाली किक हवीच, नुसता क्रॅश हवेत लटकतो.

ठेका हाताने वाजवून भरायचा असेल तर कीबोर्डचा इनपुटही हायड्रोजनला जोडता येतो. ३६ पासूनच्या पट्ट्या पहिल्या वाद्यापासून क्रमाने चालतात. क्वांटाइज चालू असेल तर ठोके ग्रिडला चिकटतात. किक-स्नेअर आधी, हाय-हॅट दुसऱ्या फेरीत. मात्र इन आणि आउट दोन्ही चालू ठेवले की तुमची पट्टी कीबोर्डवरही वाजते आणि हायड्रोजनमधून फिरून पुन्हा कीबोर्डवर येते; एक ठोका दोनदा. कीबोर्डमध्ये लोकल कंट्रोल (पट्टी दाबली की कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाजवणारी सेटिंग) बंद केलं की हे थांबतं. काम संपल्यावर ते पुन्हा चालू करा, नाहीतर कीबोर्ड बिघडला म्हणून घाबरायला होतं.

एक्स्पोर्ट प्रोजेक्ट मेनूत आहे. मिडी फाइलचे (एसएमएफ) तीन प्रकार मिळतात: एसएमएफ ०, एसएमएफ १ एकाच ट्रॅकमध्ये, आणि एसएमएफ १ वाद्यागणिक वेगळ्या ट्रॅकमध्ये. पेन ड्राइव्हवरून थेट कीबोर्डमध्ये गाणं म्हणून वाजवायचं असेल तर ०, कारण साध्या कीबोर्डांपैकी अनेक तेवढंच वाचतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन आणखी काम करायचं असेल तर वेगळे ट्रॅक. एक्स्पोर्ट साँग एडिटरप्रमाणे होतो हे ध्यानात ठेवा. पॅटर्न मोडमध्ये तासभर ऐकलेला ठेका साँग एडिटरमध्ये भरलेलाच नसेल तर तो फाइलमध्येही येत नाही.

या फाइलमध्ये काय नसतं, तर किट निवडण्याचा संदेश. हायड्रोजन नोटा लिहितं; कीबोर्डने स्टँडर्ड किट घ्यावं की जाझचं, ते सांगत नाही. मग कीबोर्ड दहाव्या चॅनलवर आधीचं जे किट असेल त्यात वाजवतो. काल इलेक्ट्रॉनिक किट निवडलं असेल तर आज ब्रशचा ठेका त्यातच वाजणार. कीबोर्डला गाणं उघडण्याआधी हाताने किट निवडू द्यायची सोय असेल तर प्रश्न नाही. नाहीतर तो संदेश, म्हणजे प्रोग्रॅम चेंज, दुसरीकडे घालावा लागतो.

हे ‘दुसरीकडे’ म्हणजे एखादं पूर्ण सिक्वेन्सर. रीपर इथे चांगली जोडी जमवतं. ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून पाहता येतं. हायड्रोजनची फाइल त्यात ओढून टाका. मिडी एडिटरमध्ये नोटांची नावं साध्या मजकुराच्या फाइलमधून भरता येतात, एका ओळीत आकडा आणि नाव: ‘३६ किक’ अशी, आकडा तेवढा साध्या इंग्रजी अंकांत. न वापरलेल्या नोटा लपवल्या की पियानो रोल ड्रमच्या ग्रिडसारखाच दिसतो. मात्रेचे ९६० भाग असल्यामुळे १२० च्या लयीत एक पाऊल अर्ध्या मिलिसेकंदाचं. हायड्रोजनमध्ये न जमलेला तो केसभर मागचा स्नेअर इथे जमतो. त्याचा ह्युमनाइज आणि क्वांटाइज थेट नोटांवर लिहिला जातो, त्यामुळे ऐकलं तेच फाइलमध्ये जातं.

सुरुवातीला एक रिकामा बार ठेवा आणि बँक व प्रोग्रॅम चेंज त्या बारमध्ये टाका, दहाव्या चॅनलवर. पहिल्याच ठोक्याच्या क्षणी किट बदलायला सांगितलं तर काही कीबोर्ड तो ठोका गिळतात. प्रोग्रॅमचे आकडे पुस्तिकेतूनच घ्यावेत आणि ते १ पासून मोजलेत की ० पासून ते पाहावं. जाझऐवजी शेजारचं किट आलं तर हाच एकाचा फरक असतो. प्रोजेक्ट मिडी एक्स्पोर्ट करताना सगळं एका ट्रॅकमध्ये, प्रकार ० असा पर्याय निवडायचा.

फाइल कीबोर्डवर फेरीने वाजवायची असेल तर शेवटाकडे लक्ष द्या. काही फाइली शेवटच्या बारच्या टोकाशी न संपता शेवटच्या ठोक्याशी संपतात. चार बारच्या ठेक्यात शेवटचा ठोका पंधराव्या स्टेपवर असेल तर फेरी तेवढी आखूड होते आणि दर चार बारांनी लय उडी मारते. लय चुकली असं समजून लोक टेंपो तपासत बसतात. रीपरमध्ये मिडी आयटमची कड बरोबर बारच्या रेषेवर आणून ठेवली की हे टळतं. हायड्रोजनमधूनच काम भागवायचं असेल तर सोळाव्या स्टेपवर बंद हाय-हॅटचा अगदी दबका ठोका ठेवून अंतर कमी करता येतं. इलाज पूर्ण नाही.

ज्यांना हे गाणं म्हणून नको, कीबोर्डच्या ऱ्हिदमच्या जागी हवं आहे, इंट्रो-मेन-फिल-एंडिंगच्या बटणांसकट, त्यांच्यासाठी हायड्रोजन फक्त कच्चा माल देतं. यामाहाच्या स्टाइल फाइलचं उदाहरण घ्या. तिचा पहिला भाग प्रकार ० ची मिडी फाइल असतो, त्यात ‘मेन ए’, ‘फिल इन एए’ अशा ठरलेल्या नावांचे मार्कर असतात, मुख्य ताल दहाव्या चॅनलवर आणि जोडताल नवव्यावर. त्यामागे कॅझम नावाचा वेगळा तुकडा जोडलेला असतो, जो कॉर्ड बदलल्यावर कुठल्या चॅनलने काय करायचं ते सांगतो. साधं सिक्वेन्सर तो तुकडा ओळखत नाही. स्टाइल फाइल त्यात उघडून ड्रम बदलून सेव्ह केली की कॅझम गळून पडतो आणि कीबोर्ड ती स्टाइल म्हणून घेत नाही, किंवा घेतो पण बेस कॉर्डच्या मागे जात नाही. म्हणून ड्रमच्या नोटा हायड्रोजनमध्ये लिहा, पण त्या स्टाइलमध्ये बसवायचं काम स्टाइलसाठीच्या खास एडिटरमध्ये, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून करा. मार्करची नावं अक्षरशः तशीच हवीत. एक मोकळी जागा (स्पेस) जास्त पडली तरी तो भाग बटणावर येत नाही.

एलएमएमएस हे संगीत रचण्याचं सॉफ्टवेअरही मोफत आहे आणि त्याचा स्टेपचा एडिटर हायड्रोजनइतकाच झटपट वाटतो. कीबोर्डच्या कामाला ते मागे पडतं, कारण तिथे प्रत्येक ड्रम वेगळा ट्रॅक असतो. प्रत्येकाला मिडी आउटपुट चालू करा, चॅनल १० द्या, बाहेर जाणारी नोट ठरावीक आकड्याला बांधा. बारा आवाजांच्या ठेक्यासाठी हे बारा वेळा. आधीपासून तेच वापरत असाल तर राहू द्या. फक्त ड्रमसाठी नव्याने शिकू नका.

हायड्रोजनच्या नव्या आवृत्तीत जुनी गाणी उघडतात, पण नव्यात सेव्ह केलेलं गाणं जुन्यात नीट उघडेल याची खात्री धरू नका. दोन संगणकांवर काम असेल तर आवृत्ती एकच ठेवा आणि प्रत्येक पूर्ण ठेक्याची मिडी फाइलही लगेच काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. फाइलच्या नावात लय आणि किटचा क्रमांक लिहून ठेवा, ‘९२_किट४१’ असं काहीतरी. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर ठेका कुठल्या किटवर घासूनपुसून बसवला होता ते वेलॉसिटीचे दांडे पाहून कळत नाही.